लाखेचं सील

दसऱ्यानंतरच्या आठव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला, पनवेलहून तळोज्याला निघालेली एक मिनीबस कळंबोलीच्या पुढे बंद पडली. आत रसायन कारखान्याच्या पहिल्या पाळीचे एकवीस कामगार होते. ड्रायव्हर हिराजी खाली उतरला. त्याने डिझेल टाकीच्या झाकणावरचं लाखेचं सील तोडलं, झाकण उघडलं, परत लावलं, इंजिनाजवळचा डिझेलचा हातपंप मारला. सातव्या मिनिटाला इंजिन सुरू झालं. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता गाडीच्या मालकाने हिराजीला कामावरून काढलं. कारण सांगितलं, डिझेलची चोरी. पुरावा दाखवला, तुटलेलं सील.

हे नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचं.

पनवेलचा ऑक्टोबर अजून तसाच येतो. पावसाने खाल्लेल्या रस्त्यांचा चिखल वाळतो आणि आठ दिवसांत त्याची पूड होते. ती पूड ट्रकांच्या चाकांमागे उठते, दुकानांच्या पाट्यांवर बसते, चहाच्या बशीत उतरते. तेव्हा शहराबाहेर अजून थोडी शेती उरली होती. सरकारने घेतलेल्या जमिनींवर खुंट्या ठोकलेल्या होत्या आणि दोन खुंट्यांच्या मध्ये कोणीतरी भात कापत असे. दुपारी वारा खाडीकडून आला की मिठागरांच्या चिखलाचा वास, संध्याकाळी तळोज्याकडून आला की सडक्या लसणासारखा वास. या दोन्हींच्या मध्ये, सबंध दिवसभर, डिझेलचा. दसऱ्याला गाड्यांच्या बंपरवर बांधलेले झेंडूचे हार महिनाभर तसेच राहत. आधी ते तपकिरी होत, मग काळे, आणि शेवटी नुसता दोरा उरत असे. या दिवसांत रस्त्याच्या कडेला थांबलेल्या गाडीवर असा हार दिसला, की मला राग येतो. हा राग नवा नाही. त्याच ऑक्टोबरचा आहे, आणि तो कमी का झाला नाही हे लिहायचं तर ती गाडी कशी बंद पडत होती हे आधी लिहिलं पाहिजे.

मी तेव्हा पनवेलच्या एका साप्ताहिकात काम करत होतो. बातम्या लिहिणं आणि प्रुफं तपासणं ही दोन्ही कामं माझ्याकडे होती. छापखाना तळमजल्यावर, आणि त्याला लागून लतीफभाईंचं गॅरेज. मध्ये एकच विटांची भिंत. भिंतीच्या या बाजूला छपाईचे शिशाचे खिळे जुळवण्याची टिकटिक, त्या बाजूला इंजिनं. काही महिन्यांनी कानाला सवय झाली आणि भिंतीपलीकडे काय चाललंय ते न बघता कळायला लागलं. चांगलं चाललेलं डिझेल इंजिन कंटाळवाणं असतं. चार सिलिंडर एकामागून एक आपला ठोका देत राहतात आणि माणूस ते ऐकणं सोडून देतो. त्यातला एक गळला की मान आपोआप वर होते. लतीफभाई त्याला मिसिंग म्हणत. ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटत. मग नोझलला, म्हणजे डिझेल फवारणाऱ्या तोटीला, जाणाऱ्या नळ्यांचे नट एकेक करून जरा सैल करत. नट सैल केल्यावर इंजिनाचा आवाज आणखी बिघडला, तर तो सिलिंडर काम करतोय. काही फरकच पडला नाही, तर तोच मेलेला.

"जो गेल्यावर कुणाला फरक पडत नाही, तो आधीच गेलेला असतो," ते म्हणत. "इंजिनात तरी असंच आहे. माणसांचं मला ठाऊक नाही."

मिनीबसचे मालक नामाशेठ. खाडीजवळच्या गावचे. जमीन प्रकल्पात गेली, मोबदला आला, त्यातून त्यांनी दोन ट्रक आणि एक मिनीबस घेतली. ट्रक न्हावा शेव्याच्या बंदराला लावले आणि मिनीबस तळोज्याच्या कारखान्याला. हिराजी त्यांच्याच गावचा, त्यांच्याच भावकीतला. त्याच्या बापाचं आयुष्य मिठागरावर गेलं. हिराजी नामाशेठांना दादा म्हणत असे. गाडी आली त्या दिवसापासून ती तोच चालवत होता. सकाळी पाच वाजता फडकं मारून काच पुसायची, कापूर लावायचा आणि निघायचं. पाळीच्या माणसांना त्याच्यामुळे कधी उशीर झाला नव्हता. कारखान्याचं फाटक सात दहाला बंद होई. त्यानंतर आलेल्याचा अर्धा दिवस जाई.

त्या रस्त्यावर डिझेल चोरलं जात होतं, हे खरं आहे. ढाब्यांच्या मागे डबे असत, रबरी नळी असे. टाकीतून डिझेल काढायचं आणि माप भरायला रॉकेल ओतायचं, हा धंदा सगळ्यांना माहीत होता. पोलिसांनाही होता. नामाशेठांच्या एका ट्रकवर हे झालं होतं. तो ड्रायव्हर पळून गेला. नामाशेठांचा संशय मात्र पळाला नाही. त्या सुमारास बंदरामुळे आख्ख्या तालुक्यात सील हा शब्द ज्याच्या त्याच्या तोंडी होता. कंटेनरला सील असतं, ते तुटलेलं निघालं तर ड्रायव्हर जबाबदार. त्यात विचारपूस नाही, वाद नाही. नामाशेठांना ही पद्धत आवडली. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यांनी ती घरच्या गाडीला लावली.

पूजा छापखान्यासमोरच झाली. बसच्या चाकांखाली लिंबं, काचेवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, बंपरला हार. नारळ हिराजीने फोडला. मग नामाशेठांनी टाकीच्या झाकणावरून सुतळी आडवी घेतली, दोन्ही बाजूंना बांधली आणि झाकणाच्या बरोबर मध्यावर गाठ मारली. लाल लाखेची कांडी निरांजनावर धरली. लाख गाठीवर ठिबकली, पसरली, आणि ती गरम असतानाच त्यांनी त्यात बोटातली अंगठी दाबली. अंगठीवर गणपती होता. तो लाखेत उमटला. जमलेल्यांनी वाहवा केली. हिराजीही हसला.

"दादा, आता टाकीला पन कुलूप. मला पन एक लावून टाका."

"तुला लावू की," नामाशेठ म्हणाले. "आदी गाडीचं बघू."

मी तिथे होतो. मला पेढा मिळाला.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी बस पहिल्यांदा बंद पडली. तिसऱ्या दिवशी नीट गेली. चौथ्या दिवशी पुन्हा बंद. असा एक दिवसाआडचा क्रम लागला. कामगारांनी आधी थट्टा केली. "हिराजी, गाडीनं बदली पाळी घेतली काय रे? एक दिवस हजर, एक दिवस दांडी?" मागच्या बाकावरून कोणीतरी, "युनियन झाली असंल तिची." हिराजीही हसून घेत असे. दोन माणसांचा अर्धा दिवस गेला तेव्हा थट्टा थांबली.

सहाव्या दिवशी मी त्या बसमध्ये होतो. तळोज्याच्या नाल्यात पिवळं पाणी सोडल्याची तक्रार होती, तिची बातमी करायची होती. मी ड्रायव्हरच्या मागच्या जागेवर बसलो. पनवेल सुटेपर्यंत इंजिनात काही नव्हतं. मग हळूहळू ओढ कमी झाली. तेवढीशी चढण नसतानाही हिराजीला गिअर खाली घ्यावा लागला. गिअरच्या दांड्याची मूठ थरथरू लागली. एक ठोका गळला, परत आला, मग दोन गळले. गाडी घशात काही अडकल्यासारखी धक्के देऊ लागली. हिराजीने पाय दाबला. दाबला की धक्के वाढत होते. त्याने बस कडेला घेतली आणि ती स्वतःच बंद झाली. मागे एकजण घड्याळ बघून म्हणाला, "झालं."

मी खाली उतरलो. हिराजी टाकीपाशी वाकला होता. सीलवर हात ठेवून तो क्षणभर थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "बघा, तुमच्या समोर तोडतोय. डिझेल हाय का नाय बघाया नको?" त्याने सुतळी तोडली, झाकण फिरवलं, काठी आत घातली. काठी वरपर्यंत ओली निघाली. टाकी भरलेली होती. त्याने झाकण लावलं, हातपंप मारला आणि चावी फिरवली. इंजिन लागलं. मी दहा पावलांवर होतो. झाकण उघडताना काही आवाज झाला असेल, तर तो मी ऐकला नाही. त्या वेळी कंटेनरांची रांग शेजारून जात होती. मी वहीत वेळ लिहिली. सहा एकोणचाळीस ते सहा सत्तेचाळीस. हिराजीने डिझेल काढलं नाही, त्यात काही ओतलं नाही. हे मी पाहिलं.

त्या दुपारी बस लतीफभाईंकडे आली. नामाशेठ सोबत होते. त्यांनी आधी झाकण उघडून नाक आत घातलं. "रॉकेलचा वास येतो." लतीफभाईंनी वास घेतला. "शेठ, मला तर डिझेलचाच येतो." मग त्यांनी डिझेलचा फिल्टर बदलला, लाइनमधली हवा काढली, नट सैल करून ऐकलं. चारही सिलिंडर आपापल्या जागी ठणठणीत. दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. एकदाही ठोका गळला नाही. नोझल तपासली. ती बरोबर होती. लतीफभाई कपाळाला हात लावून म्हणाले, "ही इथे येऊन शहाण्यासारखी वागते. डॉक्टरकडे गेल्यावर दात दुखायचा थांबतो ना, तसं."

नामाशेठांनी यातून आपला अर्थ काढला. गाडी चांगली आहे, गॅरेजात चालते, रस्त्यावर हिराजीच्या हातात बंद पडते. डिझेल एक दिवसाआड त्यांच्यासमोर भरलं जायचं, तेव्हा सील तेच काढून लावायचे, आणि भरल्याच्या दुसऱ्या सकाळीच ती बंद पडायची. म्हणजे भरलेलं जातं आणि त्या जागी दुसरं काही येतं. आणि सील तर दर वेळी तुटलेलं. त्यांनी नवं सील लावलं, तसंच, मध्यावर, अंगठीसह. असं त्या आठ दिवसांत चार वेळा झालं. सील तुटलं की संशय वाढत होता. संशय वाढला की लाखेचा थर वाढत होता.

आठव्या दिवशीच्या दुपारचं बोलणं भिंतीपलीकडून ऐकू आलं.

"दादा, गाडी बंद पडली म्हनून तोडलं. एकवीस मानसं बसलेली. काय करू?"

"बंद पडली का पाडलीस?"

"मी? मी कशाला पाडीन?"

"सील कशाला लावलंय मग? शोभेला?"

"दादा, तुमी टाकी बघा. काठी घाला. कमी हाय का?"

"कमी नाय. भेसळ हाय."

"आईच्यान नाय."

"आईला मधी आनू नको. चावी ठेव."

चावी बाकावर पडल्याचा आवाज आला. मग हिराजी म्हणाला, "बरं, शेठ." आदल्या क्षणापर्यंत दादा होते.

तेव्हाच्या स्थानिक साप्ताहिकांत जाहीर नोटिशींचं एक पान असे. जमिनीचे हक्क, हरवलेली कागदपत्रं, नावात बदल, आणि कामावरून काढलेली माणसं. शेवटच्या प्रकारात माणसाचा फोटो छापायची रीत होती. सदर इसम आमचे नोकरीत नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये, केल्यास आम्ही जबाबदार नाही. नामाशेठांनी अशी नोटीस आणली. डिझेलची अफरातफर केल्यामुळे कमी केले, असं त्यात स्पष्ट होतं. सोबत हिराजीच्या लायसनवरचा फोटो. लायसनच्या अर्जासाठी म्हणून तो कधीतरी त्यांच्याकडेच राहिला होता.

संपादकांना सगळे अण्णा म्हणत. मी प्रूफ घेऊन त्यांच्याकडे गेलो.

"अण्णा, मी एक दिवस त्या गाडीत होतो. त्याने डिझेल काढलं नाही."

"एक दिवस. रोज होतास?"

"नाही."

"मग? आणि ही बातमी नाही, जाहिरात आहे. जाहिरातीत आपण शुद्धलेखन बघतो. दिवाळी अंकात नामाशेठांचं अर्धं पान आहे, ते विसरू नकोस."

मी प्रूफ तपासलं. दोन चुका निघाल्या. एक वेलांटीची. दुसरी गाडीच्या नंबरात होती, शेवटचे दोन आकडे उलटे पडले होते. मी दोन्ही दुरुस्त केल्या आणि कोपऱ्यात सही केली. शनिवारी अंक निघाला.

हातपंप मारून इंजिन सुरू होतं हे हिराजीला माहीत होतं. छापलेल्या ओळी बंद कशा करायच्या, हे त्याला माहीत नव्हतं. नोटीस आल्यानंतर चार दिवसांनी तो द्रोणागिरीच्या बाजूच्या एका कंटेनर यार्डात ट्रेलरवर ड्रायव्हर म्हणून काम मागायला गेला. फाटकावरच्या केबिनमधल्या माणसाने त्याचं लायसन बघितलं, मग काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं कात्रण बघितलं, मग पुन्हा लायसन. फोटो तोच होता. तिथून तो थेट छापखान्यात आला. उन्हातून आला होता. शर्ट पाठीला चिकटलेला. त्याने आवाज चढवला नाही. माझ्या टेबलासमोर उभा राहून म्हणाला, "तुमी तर उभे होतात ना? काठी वली निघाली, बघितलात ना?"

"बघितलं."

"मग हे कुनी लिवलं?"

"नामाशेठांनी दिलं."

"वाचून घेतलं कुनी?"

"मी."

त्याने मान हलवली. जणू पत्ता विचारला होता आणि तो मिळाला. मग गेला.

यानंतरच्या दिवाळीतलं मला काही आठवत नाही. दिवाळी अंकातलं नामाशेठांचं अर्धं पान आठवतं. आकाशकंदील, समई, आणि तमाम जनतेला शुभेच्छा.

बसवर नवा ड्रायव्हर आला, घाटावरचा. सील तोडायचं नाही अशी सक्त ताकीद होती, आणि तो ताकीद पाळणारा होता. बस बंद पडली की तो स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचा. अर्ध्या-पाऊण तासाने ती आपोआप लागायची. तोपर्यंत फाटक बंद. कामगारांचे अर्धे दिवस आता मोजण्यापलीकडे गेले. त्यातलेच काहीजण म्हणू लागले की हिराजी होता तेव्हा निदान सात मिनिटांत निघत तरी होतो. हेच लोक त्याला काढल्याचं कळलं तेव्हा खाली मान घालून बसले होते. नामाशेठांनी मात्र नवा शोध लावला होता. "जाताना टाकीत साखर टाकून गेला." टाकी उतरवून धुतली. साखर निघाली नाही.

टाकी धुताना झाकण मात्र कोणी धुतलं नाही. ते बाकावर बाजूला पडून होतं.

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी लतीफभाईंनी नामाशेठांना समोर बसवलं. हे बोलणं मी गॅरेजच्या दारात उभा राहून ऐकलं.

"शेठ, अगदी पहिल्यापासून सुरू करू. हा त्रास कधीपासून आहे?"

"दसऱ्यापासून."

"दसऱ्याच्या आधी एकदा तरी?"

"नाय."

"दसऱ्याला काय केलंत?"

"काय करनार? पूजा."

"पूजेत काय काय केलंत?"

"सगळे करतात ते. हार, नारळ."

"आणखी?"

"सील लावलं."

लतीफभाई उठले. "टाकी काठोकाठ भरा. सील लावा, नेहमीसारखं. तुम्ही पुढे बसा. मी मागे बसतो."

केव्हापासून. पत्रकारितेत पहिल्या दिवशी शिकवतात त्या प्रश्नांपैकी हा एक. तीन-चार आठवडे तो कोणी विचारला नव्हता. नामाशेठांनी नाही, अण्णांनी नाही. मी दसऱ्याच्या पूजेला होतो, सहाव्या दिवशी बसमध्ये होतो, आणि नोटिशीचं प्रूफ माझ्या हातात होतं. या तीन ठिकाणी असलेला दुसरा कोणी माणूस पनवेलमध्ये नव्हता. मीही विचारला नाही. वहीत मिनिटं लिहिली होती.

त्या फेरीत मी नव्हतो. पुढचं लतीफभाई आणि नवा ड्रायव्हर यांनी वेगवेगळं सांगितलं. दोघांचं जुळलं. टाकी काठोकाठ असल्यामुळे बस कळंबोलीपर्यंतही गेली नाही. ओढ गेली, धक्के आले, इंजिन बंद. लतीफभाई नामाशेठांना टाकीपाशी घेऊन गेले. "शेठ, तुमची अंगठी, तुमचं सील. तुम्हीच तोडा. आणि कान इकडे ठेवा." नामाशेठांनी सुतळी तोडली आणि झाकण फिरवलं. ते नेहमीपेक्षा घट्ट होतं. अर्धा आटा सुटताच टाकीने बाहेरची हवा आत ओढली. सूंऽऽ असा लांब आवाज, सायकलच्या ट्यूबमधून हवा जाते तसा, फक्त उलट्या दिशेचा. संपायला तीन-चार सेकंद लागले.

"ऐकलं?"

नामाशेठांनी झाकण काढून त्यांच्या हातात दिलं.

लतीफभाईंनी झाकण उलटं केलं आणि मधली लाख नखाने खरवडली. तिच्याखाली टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं. डिझेल टाकीच्या झाकणाला असं भोक असतंच. डिझेल जसजसं कमी होतं, तसतशी या भोकातून हवा आत येते. हवा आली नाही तर टाकी डिझेल सोडत नाही, इंजिन उपाशी राहतं. टाकी जितकी भरलेली, आत हवेला जागा तितकी कमी, म्हणून गाडी तितकी लवकर बंद. झाकण उघडलं की हवा शिरते आणि गाडी चालते. न उघडता उभी ठेवली, तर झाकणाच्या फटीतून ती हळूहळू झिरपते आणि अर्ध्या-पाऊण तासाने गाडी लागते. गॅरेजात आल्यावर झाकण आधी उघडलं जाई आणि इंजिन उभ्याउभ्याच चालवलं जाई, म्हणून तिथे ती शहाण्यासारखी वागत होती. पहिल्या दिवशीची लाख त्या भोकात गेली ती नंतर निघालीच नाही. पुढची प्रत्येक लाख तिच्यावर बसत गेली. गाडी चालू करायला हिराजी जे करत होता, तेच त्याच्यावरचा पुरावा ठरलं.

"लतीफ," परतताना नामाशेठ म्हणाले, "हे गॅरेजातच राहू दे."

"शेठ, तुम्ही ऐकलंत, मी ऐकलं, ड्रायव्हरने ऐकलं. तीन माणसांनी ऐकलेलं गॅरेजात मावत नाही."

अर्ध्या तासात लतीफभाई छापखान्यात आले आणि ते झाकण माझ्या टेबलावर, ओल्या प्रुफांवर ठेवलं. त्याचा गोल डाग कागदात उतरला. "याच्यात बातमी आहे का बघा," ते म्हणाले. "तुमच्यात ती कशाला म्हणतात मला ठाऊक नाही."

मी अण्णांकडे गेलो. अण्णा म्हणाले, नोटीस ज्याने दिली त्यानेच खुलासा दिला पाहिजे. मी नामाशेठांकडे गेलो. ते ओटीवर बसले होते. चहा आला.

"त्याला सांग, उद्यापासून ये. गाडी त्याचीच हाय."

"शेठ, नोटिशीचं काय?"

"परत ठेवतो म्हटलं ना. आनखी काय पायजे त्याला?"

"छापून आलंय ते."

"मंग आता मी छापू, की नामाशेठनं स्वताच्या गाडीचं नाक दाबलं? गावात त्वांड दाखवू नको?" मग जरा मऊ होऊन, "तू शिकलेला हायस. तूच सांग. चूक झाली ती झाली. कोनी मेलं का?"

मी चहा तसाच ठेवून निघालो. तेव्हा तेवढंच जमलं.

निरोप घेऊन मी हिराजीच्या घरी गेलो. तो खळ्यावर भात झोडत होता. ऐकून घेतलं, पेंढी खाली ठेवली, हात झटकले.

"भोक बुजलं होतं?"

"हो."

"लाखेनं?"

"हो."

तो हसला. मोठ्याने हसला. खळ्यावरची माणसं वळून बघायला लागली इतका. मग थांबला.

"शेठना सांगा, गाडी नको. जेवढं छापलंत तेवढं छापा. फोटो पन तेवढाच टाका. मंग येतो."

मी चार ओळी लिहिल्या. गाडीतील बिघाडाचे कारण टाकीच्या झाकणात आढळले, सदर ड्रायव्हरचा त्यात दोष नाही. कोणाचं नाव न घेता, फक्त हिराजीचं घेऊन. कंपॉझिटरने खिळे जुळवले, फोटोचा ठसा पेटीतून काढला. शुक्रवारी दुपारी अण्णांनी फर्मा, म्हणजे खिळ्यांनी जुळवलेलं पान, बघितला. त्या चार ओळी आणि ठसा त्यांनी उचलून बाजूला ठेवायला लावलं. रिकाम्या जागेत अलिबागच्या एसटीचं वेळापत्रक बसवलं. ते नीट बसलं. मी तेव्हा राजीनामा दिला नाही. त्या साप्ताहिकात आणखी चौदा महिने होतो.

नामाशेठांनी नवं झाकण घेतलं. सील पुन्हा लावलं नाही. मिनीबस त्यानंतर त्या कारणाने बंद पडली नाही.

आता त्या गॅरेजच्या जागी सात मजली इमारत आहे. लतीफभाई नाहीत, अण्णा नाहीत. रस्ता आठ पदरी झाला आहे आणि कंटेनरांना नंबर कोरलेली सीलं असतात. यंदाही दसऱ्यानंतर कळंबोलीच्या पुलाखाली एक टेम्पो उभा दिसला, बंपरला हार, ड्रायव्हर टाकीपाशी वाकलेला. मी बाजूला थांबलो. त्याने झाकण उघडलं. काही आवाज झाला नाही. त्याला काही मदत हवी का विचारलं. तो म्हणाला, "नको काका, डिझेल संपलंय फक्त."

हिराजीबद्दल खात्रीने सांगता येतं ते इतकंच : तो नामाशेठांच्या गाडीवर परत गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्याने खालापूरच्या बाजूला एका वीटभट्टीवर ट्रॅक्टर चालवला, हे त्याच्या भावाने सांगितलं. नंतर गुजरातेत गेला असं दोघांकडून ऐकलं. त्याला दुजोरा मिळाला नाही.

पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये बंदराबाहेरच्या ट्रकांच्या रांगेची बातमी करायला मी द्रोणागिरीच्या त्या यार्डात गेलो होतो. फाटकावरच्या केबिनच्या काचेला आतून तेच कात्रण अजून चिकटवलेलं होतं. मी पहारेकऱ्याला ते काढायला सांगितलं. तो म्हणाला, सायबांनी लावलंय, सायबच काढतील. साहेब जेवायला गेले होते. मी तासभर थांबलो. ते आले नाहीत. काच बंद होती. फोटो उन्हाने पांढरा पडला होता आणि चेहरा ओळखू येत नव्हता. नाव वाचता येत होतं. गाडीचा नंबर वाचता येत होता. शेवटचे दोन आकडे बरोबर होते.